उजवा हात लुळा पडला, मग डाव्या हाताने पुस्तक लिहिलं : महात्मा फुलेंच्या पक्षाघाताची गोष्ट

जुलै १८८८. पुण्यात जोतीराव फुलेंना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची उजवी बाजू लुळी पडली. वय होतं ६१.

जेमतेम दोन महिने आधी, ११ मे १८८८ ला, मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात त्यांच्या सत्काराची मोठी सभा झाली होती. लोकांनी त्यांना 'महात्मा' म्हटलं ते याच सभेत. आयुष्यभर लिहिणाऱ्या, भाषणं करणाऱ्या, गावोगाव फिरणाऱ्या माणसाला लोकांनी डोक्यावर घेतलं आणि लगेचच त्याचा लिहिता हात गेला.

शाळा, विहीर, सत्यशोधक समाज हे सगळं आपण पुस्तकात वाचलेलं असतं. शेवटच्या अडीच वर्षांबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. खरंतर आपल्या घरातल्या माणसांचा जीव वाचवायचा असेल, तर फुलेंच्या आयुष्यातला हाच भाग नीट समजून घ्यायला हवा.

फुलवाल्याचा मुलगा ते महात्मा

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे आणि मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. पुण्यात आल्यावर कुटुंबाने फुलांचा व्यवसाय केला, त्यावरून फुले हे नाव पडलं. आई चिमणाबाई जोतीराव लहान असतानाच गेल्या. वडील गोविंदराव. १८४० मध्ये लग्न झालं ते नायगावच्या सावित्रीबाईंशी. पुढे जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले.

१८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा वय होतं २१. सावित्रीबाई तिथे शिकवायला लागल्या. लोकांनी त्रास दिला, वडिलांनी दोघांना घराबाहेर काढलं, पण शाळा वाढत गेल्या. १८५२ मध्ये सरकारने विश्रामबागवाड्यात त्यांचा सत्कार केला.

१८५५ मध्ये त्यांनी 'तृतीय रत्न' नावाचं नाटक लिहिलं. गोष्ट साधी आहे. एका कुणब्याची बायको गरोदर असते. जोशी येतो, ग्रहांची भीती घालतो, विधी सांगतो आणि त्या जोडप्याला लुबाडतो. शेवटी ते दोघं शिकायचं ठरवतात. संकटात घाबरलेल्या माणसाला कसं फसवलं जातं, हे जोतीरावांनी तेव्हाच दाखवलं होतं. हे नाटक लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१८६३ मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, हा हेतू. तिथेच काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला मुलगा झाला. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी तो दत्तक घेतला, नाव यशवंत. हाच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८६८ मध्ये त्यांनी घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' आलं आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला.

या सगळ्याला पैसा कुठून यायचा? जोतीराव शेती करायचे आणि बांधकामाची कंत्राटं घ्यायचे. येरवड्याच्या पुलाचं आणि कात्रजच्या बोगद्याचं काम त्यांच्या कंपनीकडे होतं असं सांगितलं जातं. म्हणजे देणग्यांवर जगणारा हा माणूस नव्हता. कमवायचं आणि समाजकार्यात घालायचं, असा हिशोब होता. १८७६ पासून काही वर्षं ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे त्यांनी बहुजनांच्या शिक्षणाची बाजू मांडली. १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून झालं.

आणि मग १८८८ चा जुलै आला.

तेव्हा डॉक्टरांकडे होतं काय?

जोतीरावांवर उपचार केले डॉ. विश्राम रामजी घोले यांनी. पुण्यातल्या घोले रोडला ज्यांचं नाव आहे, तेच हे घोले. नावाजलेले सर्जन आणि सत्यशोधक समाजातले सहकारी. म्हणजे घरचा म्हणावा असा आणि त्या काळातला उत्तम डॉक्टर जोतीरावांना मिळाला होता. पुण्यात ससून हॉस्पिटल सुरू होऊनही तेव्हा वीस वर्षं झाली होती.

तरीही कुणालाही फार काही करता येणार नव्हतं. का, ते बघा.

पक्षाघात म्हणजे मेंदूचा झटका. मेंदूला रक्त नेणारी नळी गुठळीने बंद होते किंवा फुटते. ज्या भागाचं रक्त तुटलं तो भाग मरायला लागतो. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, त्यामुळे उजवं अंग गेलं म्हणजे बहुतेक वेळा नुकसान डाव्या मेंदूत झालेलं असतं. एवढं १८८८ मधल्या डॉक्टरांना ठाऊक होतं. बोलण्याचा भागही बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असतो, हे फ्रान्सच्या पॉल ब्रोका यांनी १८६० च्या दशकातच दाखवून दिलं होतं.

पण समोरच्या रोग्याची नळी बंद झाली आहे की फुटली आहे, हे सांगायचं कसं? एक्स-रेचा शोध लागला १८९५ मध्ये. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचं यंत्र इटलीच्या रिवा-रोची यांनी मांडलं १८९६ मध्ये. म्हणजे पक्षाघाताचं सर्वात मोठं कारण असलेला वाढलेला रक्तदाब डॉ. घोलेंना साधा मोजताही आला नसता. कवटीच्या आत काय झालंय ते फक्त मृत्यूनंतर, शवविच्छेदनात कळायचं.

मग उरायचं काय? आराम, देखभाल, वाट बघणं आणि रोग्याची स्वतःची जिद्द.

डावा हात

जोतीरावांकडे जिद्द होती. उजवा हात चालेना, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली.

हे ऐकायला सोपं वाटतं. साठी उलटलेल्या माणसाने न सरावलेल्या हाताने बाराखडी गिरवायची आणि मग त्याच हाताने अख्खं पुस्तक उभं करायचं, हे काय असतं ते एकदा डाव्या हाताने स्वतःची सही करून बघा. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने होती. विचार करण्याची आणि शब्द जुळवण्याची ताकद शाबूत राहिली होती. उजवं अंग जातं तेव्हा पुष्कळदा वाचाही जाते. जोतीरावांचं पुस्तकच सांगतं की त्यांची भाषा वाचली होती.

ते पुस्तक म्हणजे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक'. माणसा-माणसात भेद न करणारा, स्त्री आणि पुरुषाला सारखाच हक्क देणारा धर्म कसा असेल, हे त्यात प्रश्नोत्तरांतून मांडलंय. १८८९ मध्ये ते लिहून पूर्ण झालं. छापील प्रत मात्र जोतीरावांना बघायला मिळाली नाही. पुस्तक प्रसिद्ध झालं १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

दरम्यान आजाराने घराची आर्थिक घडी मोडली होती. कमावता माणूस अंथरुणाला खिळला की काय होतं ते आजही घरोघरी दिसतं, फुलेंचं घर त्याला अपवाद नव्हतं. १८९० मध्ये मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना पत्र लिहून या कुटुंबाला मदत करण्याची विनंती केली. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी पदरचा पैसा घालणाऱ्या माणसावर ही वेळ आली होती.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं कुणी धरायचं यावरून वाद झाला, कारण यशवंत दत्तक होता. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. त्या काळात बाईने असं करणं कुणी कल्पनेतही आणलं नव्हतं.

सहा वर्षांनी पुण्यात प्लेग आला. सावित्रीबाई आणि डॉक्टर झालेला यशवंत रोग्यांची सेवा करत होते. प्लेग झालेल्या एका मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रोग्याला उपचारापर्यंत पोचवणारी गाडी त्या स्वतः झाल्या.

त्यानंतर काय बदललं?

पुढची जवळजवळ शंभर वर्षं पक्षाघाताच्या उपचारात फार मोठा फरक पडला नाही. मग तीन गोष्टी झाल्या.

पहिली, सीटी स्कॅन. १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूचा असा फोटो घेतला गेला. बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफिल्ड, त्यांना १९७९ चं नोबेल मिळालं. रक्तस्राव झालाय की नाही हे आता काही मिनिटांत दिसायला लागलं.

दुसरी, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. लवकर दिलं तर रोगी सावरण्याची शक्यता वाढते, हे १९९५ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत सिद्ध झालं. आज ते झटक्यानंतर साडेचार तासांच्या आत देतात.

तिसरी, तार घालून गुठळी बाहेर काढणं. जांघेतल्या किंवा मनगटातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेतात आणि मोठी गुठळी ओढून काढतात. २०१५ मध्ये एकापाठोपाठ एक चाचण्यांनी याचा फायदा दाखवला. हे साधारण सहा तासांत करतात आणि तपासण्या करून निवडलेल्या रोग्यांत २४ तासांपर्यंतही करता येतं.

जोतीरावांकडे यातलं काहीही नव्हतं. आपल्याकडे आहे, पण वेळेची अट घालून. मोठी नळी बंद असेल तर दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात असा अभ्यासकांचा हिशोब आहे.

समजा, हाच झटका आज आळंदीत आला

फुलेवाडा आणि आळंदी यात अंतर आहे साधारण २०-२५ किलोमीटर. समजा आळंदीत राहणारा, चाकणच्या कंपनीत कामाला जाणारा पन्नाशीचा माणूस रात्री ११ ला ठणठणीत झोपला. पहाटे ५ ला उठला तर तोंड वाकडं आणि उजवा हात उचलत नाही.

आपल्याकडे याला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. आणि मग काय होतं? कुणी तेल चोळतं. कुणी कांदा हुंगवतं. कुणी लकव्यावर औषध देणाऱ्या गावाचं नाव सांगतं, कुणी अंगारा आणतं. उजाडू दे, मग बघू, असंही होतं. 'तृतीय रत्न' मधला जोशी आजही संपलेला नाही, त्याने फक्त रूप बदललंय. त्या कुणब्याचे पैसे गेले होते. इथे तास जातात आणि तासांबरोबर हात, पाय, वाचा जाते.

ओळखायचं कसं? सहा गोष्टी बघा.

- तोल : अचानक तोल जातोय का?
- डोळे : अचानक दिसेनासं झालं किंवा दोन-दोन दिसतंय का?
- चेहरा : हसायला सांगा, एक बाजू लोंबतेय का?
- हात : दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतोय का?
- बोलणं : साधं वाक्य बोलायला सांगा, जीभ अडखळतेय का, असंबद्ध बोलणं येतंय का?
- वेळ : यातलं एक जरी असलं तरी १०८ ला फोन करा आणि घड्याळ बघा.

ही लक्षणं पाच-दहा मिनिटांत आपोआप गेली तरी हॉस्पिटल गाठायचंच. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

गाडी येईपर्यंत रोग्याला पाणी, चहा, गोळी काहीही देऊ नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. ॲस्पिरिनही नको, कारण नळी फुटली असेल तर रक्तस्राव वाढेल. जिभेखाली बीपीची गोळी ठेवू नका, दाब एकदम उतरला तर मेंदूला मिळणारं उरलंसुरलं रक्तही कमी होतं. उलटी होत असेल किंवा शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा.

हॉस्पिटलच्या दारात गेल्यावर

डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो : शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं? आपल्या उदाहरणात उत्तर आहे रात्री ११, पहाटे ५ नाही. घड्याळ तिथून मोजायला सुरुवात करतात. अशा झोपेत आलेल्या झटक्यातही विशेष स्कॅन करून काही रोग्यांना उपचार देता येतात, म्हणून उशीर झालाय समजून घरी थांबू नका.

मग बोट टोचून साखर बघतात, कारण साखर खूप उतरली तरी हुबेहूब पक्षाघातासारखं दिसू शकतं. रक्तदाब मोजतात. हात, पाय, डोळे, बोलणं तपासून ० ते ४२ पर्यंत गुण देतात, जितके जास्त गुण तितका झटका मोठा. लगेच सीटी स्कॅन.

इथे वाट दोन दिशांना फुटते. रक्तस्राव दिसला तर दाब आटोक्यात आणतात, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर त्यांचा परिणाम उतरवतात आणि गरज पडली तर मेंदूचे सर्जन बोलावतात. रक्तस्राव नसेल, वेळ हातात असेल आणि दुसरी अडचण नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. त्याआधी दाब १८५/११० च्या खाली असावा लागतो. दारातून आत आल्यापासून तासाभरात हे इंजेक्शन सुरू व्हावं, असं उद्दिष्ट ठेवलेलं असतं. नळी मोठी असेल तर तारेने गुठळी काढायचा विचार होतो.

नातेवाइकांकडून दोन गोष्टींनी हे काम वेगाने होतं : चालू असलेल्या औषधांची यादी आणि सहीचा निर्णय. इंजेक्शनने काही रोग्यांत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून डॉक्टर धोका समजावून संमती मागतात. गावाकडच्या काकांना विचारून सांगतो, यात अर्धा तास घालवू नका.

नंतर गिळण्याची तपासणी होते आणि मगच तोंडाने खायला देतात. फिजिओथेरपीही लवकर सुरू करतात. जोतीरावांनी डावा हात तयार केला तो स्वतःच्या बळावर, आता ते काम शिकवणारी माणसं असतात.

आजच करून ठेवायचं काम

आळंदीत ग्रामीण रुग्णालय आहे, पिंपरीत महापालिकेचं वायसीएम आहे, पुण्यात जोतीरावांच्या काळापासूनचं ससून आहे, शिवाय पट्ट्यात खासगी हॉस्पिटलंही आहेत. पण सगळीकडे सगळं असतं असं समजू नका. घरात साठीपुढची माणसं असतील, बीपी किंवा शुगर असेल, तर आजच चौकशी करा : रात्री-अपरात्री सीटी स्कॅन कुठे चालू असतो? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन कुठे देतात? ज्या हॉस्पिटलात हे नाही तिथे आधी नेऊन मग हलवण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो. चाकण रस्त्याचा ट्रॅफिक आणि कार्तिकी यात्रेतली गर्दीही हिशोबात धरा, यात्रेच्या दिवसांत गाडी कोणत्या बाजूने बाहेर काढायची ते आधी ठरवा.

आणि पैशाचं काय? राज्य सरकारची सरकारी आरोग्य योजना २०१२ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव वेगळं होतं, २०१७ मध्ये ते बदललं. आता ती आहे महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. तिचं संरक्षण वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंत वाढवलंय. योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, कोणता उपचार योजनेत बसतो आणि कागद कोणते लागतात ते तो सांगतो. रेशन कार्ड आणि आधार कार्ड एका पिशवीत घालून दाराजवळ ठेवा.

पक्षाघाताने ज्यांचं उजवं अंग गेलं आणि आजारपणात ज्यांच्या घरासाठी मदत मागावी लागली, त्यांचंच नाव आज उपचाराच्या या योजनेला आहे. जोतीरावांच्या डाव्या हाताची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवी. पण त्यांच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता म्हणून ती जिद्द लागली. आज पहिल्या साडेचार तासांत हॉस्पिटल गाठलं, तर कितीतरी जणांचा उजवा हात वाचू शकतो.

वर दिलेल्या सहा खुणा घरच्या ग्रुपवर टाका आणि फोनमध्ये १०८ सेव्ह करा.